पानाखालच्या दोन ओळी

"तुमचं वाजवणं मी अजून ऐकलेलंच नाही," बायको म्हणाली. मी तोंडात टाकलेलं बिस्कीट न चावता तसंच धरून ठेवलं.

"दर महिन्याला सभागृहात येऊन बसतेस की."

"बसते ना. ऐंशी माणसं एकदम वाजवतात. त्यातलं तुमचं कुठलं, ते मला कसं कळणार?"

रागाने बोलली असती तर भांडता आलं असतं. पण ती वाटाणे सोलत होती, आणि तिच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता. शेजारी सासूबाई स्वेटर विणत बसल्या होत्या. त्यांनीही मान डोलावली. ती मला दुजोऱ्यापेक्षा सहानुभूतीची वाटली, आणि सहानुभूती मला अजिबात सोसत नाही.

इथे माझ्या कामाबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मी ऑर्केस्ट्रात दुसऱ्या व्हायोलिनांच्या शेवटच्या जोडीत बसतो. आमच्यात दोघांना मिळून स्वरलिपीच्या पानांचा एक स्टँड असतो. पान संपत आलं की बाहेरच्या बाजूचा वादक वाजवत राहतो आणि आतल्या बाजूचा थांबून पान उलटतो. मी आतल्या बाजूचा. म्हणजे नोकरीला लागल्यापासून प्रत्येक पानाच्या तळच्या दोन ओळी मी वाजवलेल्याच नाहीत. याची मला खंत होती असं समजू नका. उलट अभिमान होता. पान लवकर उलटलं तर शेजारी दातओठ खातो, उशिरा उलटलं तर तो तोंडघशी पडतो, आणि दोन पानं एकदम उलटली तर काय होतं ते मी कधी होऊच दिलेलं नाही. ही कलाच आहे, असं मी पाहुण्यांना सांगत असे. पाहुणे बिचारे हो म्हणत.

बिस्कीट गिळून मी म्हणालो, "ठीक आहे. आपल्या हॉलमध्येच वाजवतो. चौघं मिळून. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. प्रत्येकाचं वेगळं ऐकू येईल."

"खरंच?" असं म्हणून तिने वाटाण्यांचं ताट बाजूला ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. चौघांच्या वादनात लपायला जागा नसते, हे मला वाक्य तोंडातून निघून गेल्यावर आठवलं होतं.

बाकीची तीन माणसं मिळायला वेळ लागला नाही. पहिल्या व्हायोलिनला घाईताई आल्या. त्यांचं हे नाव का पडलं ते त्यांच्याबरोबर एक ओळ वाजवली की कळतं. व्हायोला, म्हणजे जरा थोरलं व्हायोलिन, वाजवणारे उसासेकाका प्रत्येक सुराआधी असा उसासा सोडतात की नव्या माणसाला वाटावं घरात काहीतरी वाईट घडलंय. आणि चेलोला, म्हणजे माणसाएवढ्या त्या व्हायोलिनला, पहिलवान. लिफ्टमध्ये एकतर पहिलवान मावे नाहीतर चेलो, त्यामुळे पहिल्या तालमीला चेलो लिफ्टने एकटा वर आला आणि पहिलवान जिन्याने धापा टाकत त्याच्यामागून.

तालमीसाठी आम्ही हॉलमध्ये बसलो, सूर लावले, वाद्यं उचलली आणि थांबलो. कुणीच सुरू करेना. मी घाईताईंकडे पाहिलं, घाईताईंनी पहिलवानाकडे, पहिलवानाने दाराकडे. उसासेकाकांनी उसासा सोडला, पण तो नेहमीचा असल्यामुळे त्यावर विसंबून राहता येईना.

हसू नका. ऑर्केस्ट्रात समोर संचालक उभे असतात. त्यांच्या हातात काठी असते. आमची नजर पानावर आणि काठी डोळ्याच्या कोपऱ्यात. काठी वर गेली की गज तारेवर जातो, खाली आली की वाजतो, आणि या दोन्हींच्या मध्ये विचार नावाचा प्रकार नसतो. संचालक एकदा भर तालमीत काठीने पाठ खाजवत होते, तर पितळी वाद्यवाले वाजायला लागले होते. अशा माणसांना आपलं आपण सुरू करा म्हणणं अवघडच होतं. शेवटी घाईताईंनी मान हलवून इशारा द्यायचा असं ठरलं. त्यांनी मान इतक्या घाईने हलवली की आम्हाला वाटलं माशी बसली असेल.

पण माझं खरं दुखणं वेगळंच होतं. अशा रचनेत दुसऱ्या व्हायोलिनला बहुतेक वेळ घरातल्या मधल्या भावासारखं सगळ्यांना हो हो म्हणायचं असतं. आम्ही निवडलेल्या रचनेत मात्र दुसऱ्या भागात एक जागा अशी होती की तिघंही थांबतात आणि दुसरं व्हायोलिन एकटं वाजतं. फक्त दोन ओळी. त्या दोन ओळी कुठे असाव्यात? पानाच्या अगदी तळाशी.

तालमीत तिथे पोचलो, तिघं थांबले, आणि मीही थांबून पान उलटलं. हॉलमध्ये चिडीचूप. पुन्हा केलं. पुन्हा माझा हात गज घेऊन पानाच्या कोपऱ्याकडे गेला. तिसऱ्यांदा मी मनाला बजावून सुरुवात केली, तर मन ऐकत होतं आणि हात ऐकत नव्हता.

"सोपं तर आहे," घाईताई म्हणाल्या.

"सोपं आहे हो. पण मी इथे कधी वाजवलेलंच नाही."

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. "त्या शांततेच्या जागी तुमचं आहे का काही?" तिने विचारलं. मी पाणी मागितलं.

दरम्यान ऑर्केस्ट्राच्या कार्यालयात परवानगी काढावी लागली. बाहेर कुठेही वाजवायचं तर ती लागते, आणि स्वतःचा हॉल हासुद्धा कार्यालयाच्या मते बाहेर होता. कारकुनांनी चष्मा पुसून विचारलं, "संचालक कोण?"

"चौघांमध्ये संचालक नसतो."

"मग सुरू कोण करतं?"

हा प्रश्न त्यांनी केवळ रकाना भरायचा म्हणून विचारला होता, पण मला तो जिव्हारी लागला. त्यांनी समजूत घातली, "असं बघा, ही जागा रिकामी सोडली तर साहेब कागद परत पाठवतील. घरात मोठं कोण आहे?"

"सासूबाई आहेत."

"त्या हजर असणार ना?"

"असतील."

त्यांनी समाधानाने लिहिलं, शिक्का मारला, आणि माझ्या सासूबाई सरकारदरबारी आमच्या संचालक झाल्या. घरी आल्यावर मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. सासूबाईंनी ती गंमत म्हणून घेतली नाही. "मला काय काय करावं लागेल?" त्यांनी विणकाम थांबवून विचारलं.

"काही नाही आई, नुसतं पुढे बसायचं."

"ते जमेल," त्या म्हणाल्या आणि पुन्हा टाके मोजायला लागल्या.

आता खालच्या मजल्यावरचे इंजिनियर. ते निवृत्त आहेत, म्हणजे पूर्वी एका कचेरीला जेवढा सल्ला मिळायचा तेवढा आता सगळा आमच्या इमारतीला मिळतो. चेलोचा पहिला घुमारा खाली गेला तसे ते वर आले. हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला. तो त्यांनी हॉलच्या मधोमध ठेवला, उकिडवे बसले आणि पहिलवानाला म्हणाले, "हं, वाजवा." पहिलवानाने वाजवलं. पाण्यावर लाटा उठल्या. इंजिनियर बराच वेळ त्या लाटांकडे बघत राहिले.

"माणसं किती येणार?"

"सहा-सात," मी म्हणालो.

"वजनदार माणसं भिंतीकडेला बसवा. मध्ये हलकी. आणि कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांनी एकदम उठायचं नाही."

या वाक्यानंतर माझी झोप उडाली. तोपर्यंत मला फक्त अब्रू जाण्याची भीती होती, आता मजला जाण्याचीही वाटायला लागली. त्यात चेलोच्या बुडाला टोकदार सळई असते आणि ती जमिनीत रोवून बसावं लागतं, हे इंजिनियरांनी पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. सळईखाली शेवटी माझी रबरी चप्पल ठेवली. एकच ठेवली, त्यामुळे पुढचे काही दिवस मी एका चपलेत वावरलो आणि त्याबद्दल घरात कुणालाही काही वाटलं नाही.

सहा-सात माणसांचंही असंच झालं. बायकोने समोरच्या वहिनींना बोलावलं. त्यांना बोलावलं म्हणून त्यांच्या जावेला, जावेला बोलावलं म्हणून तिच्याशी अबोला असलेल्या तिसरीला, नाहीतर गैरसमज झाला असता. माझ्या कानावर आलं तेव्हा आकडा वीसच्या पुढे गेला होता. प्रत्येकीला बायकोने एकच सांगितलं होतं, "ह्यांचं एकट्याचं आहे मध्ये."

"कशाला सांगितलंस?" मी म्हणालो.

"मग? दोन ओळी का असेनात, तुमच्या आहेत."

तिच्या आवाजात कौतुक होतं. ती ऐकायला बसणार, मी थांबणार, आणि तिला पुन्हा काही ऐकू येणार नाही. या वेळी तर दोष द्यायला ऐंशी माणसंही नसणार.

इतकी माणसं म्हटल्यावर सोफा बाहेर काढणं आलं. तो दारातून निघेना. इंजिनियरांनी कोन सांगितला, त्या कोनात तो अडकला, आणि घरातली माणसं घरात, बाहेरची बाहेर असा बराच वेळ गेला. उसासेकाका तेव्हा बाहेर होते. त्यांचा उसासा प्रथमच प्रसंगाला शोभून दिसला. सुटल्यावर सोफा जिन्यात ठेवायचा नाही असा नियम निघाला, म्हणून तो इंजिनियरांच्याच घरी गेला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ते त्यावर आडवे होऊन पेपर वाचत होते.

पानाचाही मी इलाज करून पाहिला. पुढच्या पानाची झेरॉक्स काढून शेजारी चिकटवली. ती स्टँडच्या बाहेर गेली आणि पंख्याच्या वाऱ्याने फडफडून माझ्या नाकावर आली. पंखा बंद केला तर वीस माणसं उकडून निघाली असती. कपड्यांचे चिमटे लावले तर सगळंच पक्कं बसलं, पण मग पान उलटताच येईना.

"एवढं काय त्यात?" बायको म्हणाली. "मी बसते शेजारी. मी उलटते पान. तुम्ही फक्त वाजवा."

जन्मभर मी दुसऱ्याचं पान उलटलं, माझं उलटायला कुणी बसेल असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. पण हळवं व्हायला वेळ नव्हता, कारण तिने लगेच सराव सुरू केला आणि दोन पानं एकदम उलटली. मग लवकर उलटलं. मग उशिरा. मग बोटाला थुंकी लावू की नको यावर आमचा वाद झाला. "सोपं नाही हो हे," ती म्हणाली. "हेच तर मी सांगत होतो," असं मी म्हणणार होतो, पण तिचा घाबरा चेहरा पाहून पान पुन्हा पहिल्या जागी लावून दिलं. घरात आता दोघं घाबरलेली होती.

ठरल्या रविवारी दुपारी माणसं आली. इंजिनियरांनी दारात उभं राहून ज्याला त्याला आपादमस्तक न्याहाळून जागा दिली. समोरच्या वहिनींना त्यांनी भिंतीकडे बसायला सांगितलं, कारण विचारल्यावर खरं कारण सांगितलं, आणि कार्यक्रमातला पहिला बेसूर तिथे लागला. सासूबाई सगळ्यांत पुढे, संचालकाला शोभेल अशा ताठ बसल्या. विणकाम आणायचं नाही असं बायकोने बजावलं होतं. आमच्यापासून त्यांच्या गुडघ्यांपर्यंत वीतभर अंतर होतं.

आम्ही सूर लावले. काही जणांनी टाळ्या वाजवल्या. मग वाद्यं उचलली. घाईताईंनी इशारा द्यायचा होता, पण इतकी माणसं इतक्या जवळ पाहून घाईताई आयुष्यात पहिल्यांदा सावकाश झाल्या. त्यांची मान हलेना. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो, पहिलवान माझ्याकडे, आणि उसासेकाका तर श्वासच रोखून बसले होते. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "सुरू झालं का?" दुसऱ्याने सांगितलं, "असंच असतं हे."

शेजारी बायको स्टुलावर बसली होती आणि तिची नजर अजून उलटायला अवकाश असलेल्या पानाच्या कोपऱ्यावर होती.

वेळ फुकट घालवणं सासूबाईंच्या स्वभावात नाही. एवढ्यात काही सुरू होत नाही असं पाहून त्यांनी पदराखालची पिशवी उघडली, स्वेटर बाहेर काढला आणि लांब सुई वर उचलली.

सुई खाली आली आणि आम्ही चौघं एकदम वाजायला लागलो.

इतकी एकजूट आम्हाला एकाही तालमीत साधली नव्हती. सासूबाईंचा हात चाळीस वर्षांच्या सवयीचा, टाक्याला टाका सारखा. घाईताईंना पुढे पळता येईना, कारण सुई पळत नव्हती. एका ठिकाणी ओळ संपली म्हणून सासूबाईंनी विणकाम फिरवून घेतलं, तर आम्ही चौघंही तेवढा वेळ थबकलो. श्रोत्यांतून "वा" असा आवाज आला. पुढे त्यांचा टाका सुटला आणि त्या सावकाश उकलत गेल्या, तेव्हा आम्ही इतके हळुवार झालो की समोरच्या वहिनींनी राग विसरून डोळ्यांना पदर लावला. सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचं लक्ष बाहीकडे होतं.

पहिला भाग संपला. दुसरा सुरू झाला आणि पान खाली खाली सरकायला लागलं. मला त्या दोन ओळी लांबून दिसत होत्या. बायकोने कोपरा चिमटीत धरला.

घाईताई थांबल्या. उसासेकाका थांबले. पहिलवान थांबला. आणि तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातली सुईही थांबली.

माझा हात गजासकट तारेवरून उचलला गेला. पानाचा तळ आला होता, काठी थांबली होती, आता थांबायचं असंच मला आयुष्यभर शिकवलेलं होतं. मी कोपऱ्याकडे हात नेला. तिथे दुसरा हात होता. बायकोने माझ्याकडे न पाहताच मला कोपराने ढोसलं आणि दातांमधून म्हणाली, "वाजवा की."

मी वाजवलं.

पहिला सूर जरा कापरा निघाला. दुसऱ्यापासून मला तो ऐकू यायला लागला. मागे कुणी वाजवत नव्हतं, शेजारी कुणी वाजवत नव्हतं, जो काही होता तो माझाच होता. मला फार भीती वाटली आणि त्या भीतीतच फार बरंही वाटलं. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. शेवटच्या सुरावर पान उलटलं, एकच, अगदी वेळेवर. ऑर्केस्ट्रातल्या माझ्या शेजाऱ्यालाही मी इतकं नेमकं उलटून दिलं नसेल. मग सुई पुन्हा हलली, तिघं पुन्हा आत आले आणि आम्ही शेवटपर्यंत पोचलो.

टाळ्या झाल्या. "एकेकाने उठा," इंजिनियर ओरडले, पण तोपर्यंत सगळे एकदम उठले होते. मजला जिथल्या तिथे राहिला. इंजिनियर जरा नाराज वाटले.

पाहुणे चहा पिऊन गेले. पहिलवान जिन्याने गेला आणि चेलो लिफ्टने. संध्याकाळ व्हायला आली होती. सोफा खालीच होता, त्यामुळे हॉल मोठा आणि अनोळखी वाटत होता. सासूबाई खुर्चीत बसून बाही उलटसुलट करून पाहत होत्या.

"तुमच्या एकट्याच्या वेळेला माझे टाके मोजायचे राहिले," त्या मला म्हणाल्या. "हात थांबला तो थांबलाच. आता इथे बाही फुगली बघा." त्यांच्याकडून एवढं कौतुक मला लग्नानंतर प्रथमच मिळत होतं.

बायको कपबशा गोळा करत होती. मी मागे मागे स्वयंपाकघरात गेलो. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. "कसं वाटलं?"

"छान झालं सगळं. सँडविच कमी पडले थोडे."

"तसं नव्हे. त्या दोन ओळी."

हातातला चमचा तसाच धरून ती वळली. "खरं सांगू? मी ऐकल्याच नाहीत. सगळा जीव त्या कोपऱ्यात होता. लवकर होईल का, उशीर होईल का, दोन तर नाही ना आली हातात. तुम्ही वाजवलंत, एवढं कळलं. काय वाजवलंत ते नाही कळलं."

इतका खटाटोप, इतकी माणसं, सोफा, परवानगी, आणि जिच्यासाठी केलं तिच्या कानापर्यंत काही पोचलंच नाही. वाईट वाटलं, आणि तिच्यावर रागावताही येईना, कारण ती जे सांगत होती ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तिने चमचा ओट्यावर ठेवला. मग हळूच म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही तिथे हेच करत होता?"

"हो."

"दर पानाला?"

"दर पानाला."

"मला वाटायचं, सोपं असेल." तिने स्टूल ओढलं आणि ओट्याशी बसली. "आणा इकडे ते व्हायोलिन. पान नको."

मी व्हायोलिन आणलं. त्या दोन ओळी मला आता पाठ होत्या, पाठ असलेल्या त्या एवढ्याच. हनुवटीखाली वाद्य घेतलं, गज तारेवर ठेवला आणि थांबलो.

"आता काय झालं?"

"कुणीतरी हात वर करायला लागतो."

तिने चमचा उचलला. मी वाजवलं. या वेळी ती माझ्याकडे पाहत होती, दुसरं काहीही करत नव्हती. दोन ओळी संपल्या तरी तिने चमचा खाली ठेवला नाही, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.